फोर्मोसाचा तोतया

श्रोतेहो, तोतया म्हटला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें पानिपतानंतर उपटलेला भाऊसाहेबांचा तोतया उभा राहतो. १७७६ मध्यें त्याचें बंड मोडलें आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. तो तोतया एका माणसाचें सोंग घेऊन आला होता, आणि त्याचा निवाडा करण्यास खऱ्या भाऊंना ओळखणारीं माणसें पुण्यांत हयात होतीं. आज ज्या तोतयाची हकीकत मी सांगणार आहें, त्याची तऱ्हा निराळी. त्यानें एका देशाचें सोंग उभें केलें. त्या देशाची लिपि, भाषा, नाणीं, देव, राजे, पोशाख, प्रेतसंस्कार, हें सर्व त्यानें बसल्या जागीं निर्माण केलें. आणि ज्या काळीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदीं प्रत्यक्ष न्यूटन बसला होता, त्या काळीं लंडन शहरांतील सुशिक्षित समाजानें तें चार-पांच वर्षें खरें मानलें.

अठराव्या शतकाला युरोपचे इतिहासकार बुद्धियुग म्हणतात. परंपरेच्या वचनावर न विसंबतां प्रत्येक गोष्ट अनुभव आणि तर्क यांच्या कसाला लावावी, असा त्या युगाचा बाणा होता. त्याच शतकांत, १७२६ सालीं, गोडाल्मिंग गांवच्या मेरी टॉफ्ट नांवाच्या एका गरीब बाईनें आपल्या पोटीं ससे जन्मतात असें सांगितलें, आणि पहिल्या जॉर्ज राजाच्या दरबारचा एक शस्त्रवैद्य त्यावर विश्वास ठेवून मोकळा झाला. १७४९ च्या जानेवारींत साध्या दारूच्या बाटलींत शिरून दाखविणाऱ्या एका मनुष्याची जाहिरात झळकली, तेव्हां हेमार्केटचें नाटकगृह भरून गेलें. बाटलींत शिरणारा कोणी आलाच नाहीं आणि चिडलेल्या प्रेक्षकांनीं नाटकगृहाची मोडतोड केली. १७६२ मध्यें कॉक लेन नांवाच्या बोळांतील एका घरांत ठोके देऊन बोलणारें भूत ऐकण्यासाठीं बड्या लोकांच्या गाड्या लागल्या. या गोष्टी वाचतांना हंसूं येतें. त्या लबाड्या लौकरच उघड्या पडल्या, आणि त्यांना फसलेल्यांविषयीं 'भोळे' यापलीकडे फारसें कांहीं म्हणतां येत नाहीं. फोर्मोसाच्या तोतयाला फसलेले लोक मात्र भोळे नव्हते. त्यांनीं शंका काढल्या, प्रश्न विचारले, उलटतपासणी केली. इतकें करूनहि खोटें टिकलें कसें, हें मला या हकीकतींत पाहण्यासारखें वाटतें.

हा मनुष्य १६८० च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्यें जन्मला असावा. कॅथॉलिक पाठशाळांत तो शिकला आणि लहानपणींच त्याला लॅटिन उत्तम येऊं लागली. पुढें शिक्षण सुटलें, हातीं पैसा नाहीं, तेव्हां कोणा यात्रेकरूनें चर्चमध्यें वाहिलेला झगा व काठी त्यानें उचलली, आणि आपण रोमच्या यात्रेला निघालेले आयरिश भाविक आहों असें लॅटिनमध्यें सांगून तो भिक्षा मागूं लागला. अडचण एकच होती. आयर्लंड कांहीं फार दूर नाहीं. तेथें जाऊन आलेलीं, तेथील भाषा कानांवरून गेलेलीं माणसें वाटेंत भेटत, आणि पकडलें जाण्याचा प्रसंग येई. दुसऱ्या एखाद्यानें सोंग टाकून दिलें असतें. यानें सोंगाचें गांव आणखी लांब नेलें. तो जपानी झाला.

ही निवड मोठी हुशारीची होती. जपानांत त्या वेळीं डचांवांचून कोणा युरोपीयाला थारा नव्हता, आणि त्या डचांनाहि नागासाकीच्या बंदरांतील एका टीचभर बेटाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा क्वचितच मिळे. मग त्याला खोटें पाडणार कोण? त्यानें एक लहानशी वही केली. तिच्यांत सूर्य, चंद्र, तारे यांच्या आकृति काढल्या आणि स्वतः रचलेल्या अक्षरांत कांहीं ओळी लिहिल्या. सकाळीं उगवत्या सूर्याकडे तोंड करून तो त्या ओळी गुणगुणे. पाहणारे थक्क होत. असा भटकत भटकत, मधून मधून कोणाच्या तरी पलटणींत शिरत, तो १७०२ च्या सुमारास डच हद्दींतील स्लुइस या गांवीं येऊन पोहोंचला.

तेथें त्याला इनेस नांवाचा एका स्कॉटिश पलटणीचा पाद्री भेटला. इनेस कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानें या पोराला सिसेरोच्या ग्रंथांतील एक उतारा दिला आणि त्याच्या मायबोलींत भाषांतर करून मागितलें. भाषांतर झालें. इनेसनें कागद ठेवून घेतला आणि कांहीं वेळानें तोच उतारा पुन्हां पुढें केला. दोन्ही भाषांतरें शेजारीं ठेवून पाहिलीं तों निम्म्याहून अधिक शब्द निराळे! एवढी सोपी आणि एवढी अचूक परीक्षा पुढें लंडनमधील कोणाहि पंडिताला सुचूं नये, याचें मला राहून राहून आश्चर्य वाटतें. परंतु चोर सांपडल्यावर इनेसनें त्याला चव्हाट्यावर आणलें नाहीं. तो त्याचा भागीदार झाला. पुढच्या खेपेस अधिक सावध राहा, एवढाच त्यानें पोराला सल्ला दिला. एका दूरदेशच्या मूर्तिपूजकाला ख्रिस्ती धर्मांत आणल्याचें श्रेय त्याला हवें होतें. मुक्कामाचा लष्करी अधिकारी ब्रिगेडियर लॉडर याला धर्मपिता करून त्यानें पोराचा बाप्तिस्मा केला आणि 'जॉर्ज' हें नांव ठेवलें. आडनांव पोरानें आधींच बायबलांतील असुरदेशाच्या शल्मनेसर राजावरून उचललें होतें. अशा रीतीनें जॉर्ज साल्मनाझार जन्मास आला. यापुढें तो नुसता जपानी न राहतां फोर्मोसा बेटाचा रहिवासी झाला. फोर्मोसा म्हणजे आजचें तैवान.

१७०३ च्या अखेरीस ही जोडी लंडनला आली. इनेसनें बिशप हेन्री कॉम्प्टन याच्याकडे आधींच पत्रें लिहून वाट तयार केली होती. साल्मनाझारनें बिशपला इंग्लिश चर्चच्या प्रश्नोत्तरीचें 'फोर्मोसी' भाषेंतील भाषांतर नजर केलें. बिशपला त्यांतलें अक्षर समजलें नसेल; पण आनंद मोठा झाला. तरुणाची राहणीहि पाहण्यासारखी होती. तो कच्चें मांस, मुळें आणि पाला मसाला घालून खाई. रात्रीं बिछान्यावर न निजतां खुर्चींत बसूनच झोपे, आणि शेजारीं मेणबत्ती जळत ठेवी. खिडकीकडे पाहणाऱ्यांना वाटे, हा रात्रभर अभ्यास करतो! त्याचा वर्ण गोरा कसा, असें कोणीं विचारलें कीं उत्तर तयार असे: आमच्याकडे उन्हांत काबाडकष्ट करणारे काळवंडतात, श्रीमंत लोक जमिनीखालच्या थंड दालनांत राहतात. पूर्वेकडील माणसाचा चेहरा कसा असतो हें लंडनमधील फारच थोड्यांना ठाऊक होतें, म्हणून चेहऱ्याची अडचण त्याला कधीं जाणवली नाहीं. लोकांनीं त्याच्या ताटाकडे पाहिलें, तोंडाकडे पाहिलें नाहीं.

१७०४ मध्यें त्याचें 'फोर्मोसाचें ऐतिहासिक व भौगोलिक वर्णन' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. तें त्यानें दोन महिन्यांत लॅटिनमध्यें लिहिलें आणि दुसऱ्या एकानें त्याचें इंग्रजी केलें. बेटाचें खरें नांव गाद आव्हिया, राजधानी क्स्तेर्नेत्सा, पुरुष अंगावर सोन्याचांदीच्या एका पत्र्याखेरीज कांहीं ठेवीत नाहींत, साप हें तेथील नित्याचें अन्न. बेटावर सत्ता जपानची, चीनची नव्हे. पुस्तकांत चित्रें होतीं: देवालयाची वेदी, पालख्या, वेगवेगळ्या वर्गांतील माणसांचे पोशाख, नाणीं. वीस अक्षरांची एक लिपि होती, उजवीकडून डावीकडे लिहिण्याची. आणि सर्वांत खळबळ उडविणारी गोष्ट म्हणजे दर वर्षीं देवापुढें होणारा अठरा हजार मुलग्यांचा बळी. वयाचीं नऊ वर्षें पुरीं न झालेल्या या मुलांचीं हृदयें काढून वेदीवर जाळतात, असें त्यानें लिहिलें होतें.

पुस्तकाचा दुसरा भाग आज कोणी वाचीत नाहीं, पण त्या वेळीं पहिल्या भागाइतकाच तो महत्त्वाचा होता. एका जेझुइट पाद्र्यानें आपल्याला फूस लावून फोर्मोसाहून फ्रान्सला आणलें, कॅथॉलिक होण्यासाठीं छळलें, धर्मन्यायालयाची भीति घातली. तरी आपण बधलों नाहीं. पुढें कॅल्व्हिनपंथीयांनीं वाद घातला, ल्यूथरपंथीयांनीं घातला. त्यांचींहि मतें पटलीं नाहींत. शेवटीं इंग्लिश चर्चचें तत्त्वज्ञान ऐकलें आणि बुद्धीचें समाधान झालें. श्रोतेहो, गिऱ्हाइकाची पारख याला म्हणतात! इंग्लंडच्या वाचकाला या पुस्तकानें दुहेरी मेजवानी दिली: डोळ्यांना नरबळीचें भयंकर दृश्य, आणि मनाला आपलाच पंथ निःपक्षपाती परकीयाच्या बुद्धीलाहि पटतो हें समाधान. पुस्तकाची पहिली आवृत्ति खपली, १७०५ मध्यें दुसरी निघाली, फ्रेंच भाषांतर झालें. लेखकाला पहिल्या आवृत्तीचे दहा गिन्या आणि दुसरीचे बारा गिन्या मिळाले. इनेसची कमाई याहून मोठी होती. पोर्तुगालमधील इंग्रजी फौजेचा मुख्य पाद्री म्हणून त्याची नेमणूक झाली.

आतां उलटतपासणीकडे वळूं. पुस्तक निघण्यापूर्वींच, १७०४ च्या फेब्रुवारींत, रॉयल सोसायटीनें साल्मनाझारला बोलावलें. त्याच वेळीं लंडनमध्यें फॉन्तने नांवाचा फ्रेंच जेझुइट आला होता. चौदाव्या लुईनें चीनला धाडलेल्या गणितज्ञ पाद्र्यांपैकीं हा एक. तो चीनमध्यें वर्षानुवर्षें राहिला होता, बादशहा कांग्शी तापानें आजारी असतां त्याला सिंकोनाची साल देणाऱ्यांत होता. इंग्लंडचें फ्रान्सशीं युद्ध चालू असतांहि सोसायटीनें त्याचें स्वागत केलें, ही तिच्या उदारपणाची खूण म्हटली पाहिजे. दोघे समोरासमोर आले. फोर्मोसा कोणाच्या सत्तेखालीं आहे, असा प्रश्न निघाला. फॉन्तने म्हणाला, चीनच्या. साल्मनाझार म्हणाला, जपानच्या. फॉन्तनेचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. १६८३ मध्यें चीनच्या आरमारानें तें बेट जिंकून घेतलें होतें. परंतु सभेचा कल तरुणाकडे झुकला. पुढें सोसायटीचा चिटणीस हॅन्स स्लोन याच्या घरीं जेवणाच्या प्रसंगीं पुन्हां दोघांची गांठ पडली, आणि पुन्हां तोच प्रकार झाला.

खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यानें निराळी युक्ति काढली. इतिहासांत वाद होऊं शकतो, आकाशांत होऊं शकत नाहीं. फोर्मोसा बेटावरून कर्कवृत्त जातें. तेव्हां त्या बेटाच्या दक्षिण भागांत वर्षांतून कांहीं दिवस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येणारच. आपल्याला हा अनुभव परका नाहीं. मुंबई-पुण्याकडे मे महिन्यांत आणि पुन्हां जुलैंत एक दिवस असा येतो कीं भर दुपारीं उभ्या काठीची सावली नाहींशी होते. हॅलेनें विचारलें, तुमच्याकडे संधिप्रकाश किती वेळ टिकतो? आणि दुपारचा सूर्य धुराड्यांतून सरळ खालीं चुलीपर्यंत येतो काय? साल्मनाझार गडबडला असावा, कारण फ्रान्स व हॉलंडच्या आकाशाखालीं वाढलेल्या माणसाला हा प्रश्न नवीन. पण त्यानें वेळ मारून नेली. ऊन चुलीपर्यंत येत नाहीं, कारण आमच्याकडे धुराडीं वांकडीं असतात, असें त्यानें सांगितलें. हॅलेचें समाधान झालें नाहीं. मीड आणि वुडवर्ड या दोन नामांकित वैद्यांचेंहि झालें नाहीं. पण तेवढ्यावरून तोतया उघडा पडला, असेंहि झालें नाहीं. दुसऱ्या आवृत्तींत त्यानें अशा आक्षेपांची यादीच दिली आणि एकेकाचें उत्तर देऊन टाकलें!

त्याच्या यशाचें मर्म त्यानेंच पुढें आत्मचरित्रांत सांगितलें आहे. त्यानें स्वतःला एक नियम घालून घेतला होता: एकदां तोंडून जें गेलें, तें कितीहि असंभाव्य असो, बदलावयाचें नाहीं. अठरा हजार मुलग्यांचा आंकडा असाच संभाषणाच्या भरांत तोंडून गेला होता. एका लहानशा बेटावर दर वर्षीं एवढीं मुलें मारलीं तर वंश उरेल कसा, असें मित्रांनीं विचारलें. आंकडा कमी कर, अशी विनवणीहि केली. त्यानें केला नाहीं. तेथें पुरुष अनेक स्त्रिया करतात, म्हणून लोकसंख्या टिकते, असें उलट त्यानें सांगितलें. हा हट्ट नव्हता, हें धोरण होतें. साक्षीदाराची परीक्षा आपण कशी घेतों? तो आज एक आणि उद्यां दुसरें बोलतो काय, हें पाहून. साल्मनाझार कधींच दुसरें बोलला नाहीं. खरें बोलणारा मनुष्य पुष्कळदां अडखळतो, 'हें मला ठाऊक नाहीं' असें म्हणतो, कालचा तपशील आज दुरुस्त करतो. फोर्मोसाच्या या पुत्राला सर्व ठाऊक होतें. लंडनच्या पंडितांनीं त्याच्या सांगण्याचा मेळ त्याच्याच सांगण्याशीं घालून पाहिला, आणि तो बसला म्हणून सांगणें खरें मानलें.

फोर्मोसाशीं मेळ घालून पाहण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें काय? होतें, आणि भरपूर होतें. हें मला या सगळ्या प्रकरणांतील सर्वांत विलक्षण वाटतें. १६२४ पासून १६६२ पर्यंत त्या बेटावर डचांचा अंमल होता. कँडिडियस नांवाच्या डच धर्मोपदेशकानें तेथें राहून लोकांचें वर्णन लिहिलें होतें; ज्या १७०४ सालीं साल्मनाझारचें पुस्तक निघालें त्याच सालीं लंडनमध्यें चर्चिल यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहांत तें इंग्रजींत छापून निघालें. त्यांत राजाहि नाहीं आणि बळीहि नाहीं. बेटावरील एका जमातीच्या खऱ्या भाषेंत मत्तयाचें शुभवर्तमान १६६१ मध्येंच ॲम्स्टरडॅमला छापलेलें होतें. त्यांतील एक पान साल्मनाझारच्या प्रार्थनेशेजारीं ठेवलें असतें तर काम झालें असतें. आणि दूर कशाला? ज्या ईस्ट इंडिया कंपनीला १६६८ मध्यें मुंबई बेट मिळालें, त्याच कंपनीची वखार १६७० पासून दहा-बारा वर्षें फोर्मोसावर होती. तिचे हिशेब आणि पत्रें लेडनहॉल रस्त्यावरील कचेरींत पडलीं होतीं. रॉयल सोसायटीच्या सभागृहापासून ही कचेरी कांहीं समुद्रापलीकडे नव्हती.

कँडिडियसचें काय, असें विचारणारे निघाले. साल्मनाझारनें बेधडक सांगितलें कीं कँडिडियस खोटें लिहितो. मी तेथें जन्मलों, तो नव्हे. 'मी तेथें जन्मलों' या चार अक्षरांपुढें छापील पुरावा फिका पडला. त्या पिढीनें जुन्या ग्रंथांवरील श्रद्धा सोडून प्रत्यक्षदर्शीची साक्ष प्रमाण मानण्याचा निश्चय केला होता. तो निश्चय थोर होता, आणि त्यामुळें पुष्कळ ज्ञान वाढलें. साल्मनाझारनें त्या निश्चयाच्याच खिडकींतून आंत उडी मारली.

दुसरें कारण फॉन्तनेच्या अंगावरील झग्यांत होतें. १६८८ मध्यें इंग्लंडनें आपला कॅथॉलिक राजा दुसरा जेम्स याला घालवून दिलें. त्याच्या जागीं ऑरेंजच्या विल्यमला बोलावणाऱ्या सात सह्यांपैकीं एक सही बिशप कॉम्प्टनचीच होती. कॅथॉलिकांचा, त्यांतूनहि जेझुइटांचा, कावा हा तेथील घराघरांतला बोलण्याचा विषय. अशा वेळीं एक जेझुइट उभा राहून म्हणतो, हा तरुण खोटा आहे. आणि तरुण म्हणतो, जेझुइटांनीं मला छळलें म्हणून ते आतां मला खोटें पाडूं पाहतात. निकाल काय लागणार? फॉन्तने जितका आग्रहानें खरें बोले, तितका तो अधिक कावेबाज ठरे. मला त्या विद्वान पाद्र्याची कींव येते. त्या सभेंत पूर्वेकडील देश प्रत्यक्ष पाहिलेला तोच होता, आणि नेमकें त्याचेंच म्हणणें जमेस धरलें गेलें नाहीं.

याच्या उलट एक उदाहरण आहे. १६८७ मध्यें शेन फुत्सुंग नांवाचा खराखुरा चिनी ख्रिस्ती तरुण लंडनला आला होता. राजा जेम्सनें नेलर या चित्रकाराकडून त्याचें चित्र काढविलें, आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांतील चिनी पुस्तकांची यादी करण्यास त्यानें टॉमस हाइड या पंडिताला साह्य केलें. पुढें तो परत निघाला आणि १६९१ मध्यें वाटेंतच वारला. विद्वानांच्या पत्रव्यवहारापलीकडे त्याची फारशी आठवण उरली नाहीं. तो खुर्चींत झोपत नसावा, कच्चें मांस खात नसावा. समंजस, शिकलेला, चार माणसांसारखा माणूस. पूर्वेकडून आलेल्या मनुष्यानें कसें असावें याविषयीं लोकांच्या मनांत जें चित्र होतें, त्यांत खोटा फोर्मोसी खऱ्या चिन्यापेक्षां अधिक बसला. आपल्या देशालाहि हा अनुभव जुना आहे. हिंदुस्थानांत तोंड नसलेलीं, नुसत्या वासावर जगणारीं माणसें राहतात, असें चंद्रगुप्ताच्या दरबारीं राहून गेलेल्या मेगॅस्थिनीसनें लिहून ठेवलें, आणि शतकानुशतकें युरोपनें तें वाचलें.

साल्मनाझारचा पाडाव एका दिवसांत झाला नाहीं. बिशपच्या साह्यानें तो ऑक्सफर्डला जाऊन आला. परत येईपर्यंत इनेस पोर्तुगालला निघून गेला होता. शंका वाढत होत्या, नवलाई ओसरत होती. लोकांनीं त्याला दोषी ठरविलें नाहीं. ते हळूहळू हंसूं लागले. १७११ च्या मार्चमध्यें 'स्पेक्टेटर' पत्रानें एका नाटकाची खोटी जाहिरात छापली. त्यांत पोटचीं मुलें खाण्याचा प्रवेश फोर्मोसाहून नुकतेच आलेले प्रसिद्ध साल्मनाझार करून दाखवतील, असें म्हटलें होतें. एका व्यापाऱ्यानें पांढऱ्या रोगणाला फोर्मोसी रोगण म्हणून विकण्यासाठीं त्याला हाताशीं धरलें. तेंहि चाललें नाहीं. पुढें तो एका पलटणींत कारकून झाला. जॉनाथन स्विफ्टनें १७२९ मध्यें आपल्या एका कडवट उपरोधिक लेखांत, गरिबांचीं मुलें खाण्याच्या सूचनेला आधार म्हणून, याच फोर्मोसाच्या गृहस्थाचें नांव घेतलें. तोंवर तें नांव थट्टेचा विषय होऊन बसलें होतें.

त्याच सुमारास हा मनुष्य बदलला. १७२८ मध्यें तो मोठ्या दुखण्यांतून उठला. विल्यम लॉ याच्या धर्मपर ग्रंथाचाहि त्याच्या मनावर परिणाम झाला. त्यानें आपल्या लबाडीचा कबुलीजबाब लिहावयास घेतला, पण तो मृत्यूनंतर छापावा असें ठरविलें. हिब्रू भाषेचा कसून अभ्यास केला. पुस्तकविक्रेत्यांसाठीं तो दिवसभर मजुरीनें लिही, आणि 'युनिव्हर्सल हिस्टरी' या अनेक खंडांच्या ग्रंथांतील प्राचीन इतिहासाचा बराच भाग त्याच्या हातचा आहे. १७४७ मध्यें एका मोठ्या भूगोलग्रंथांत फोर्मोसावरचें प्रकरण लिहिण्याचें काम त्याच्याकडे आलें. त्यानें तें कँडिडियससारख्यांच्या आधारानें सरळ लिहिलें, आणि त्यांतच नमूद केलें कीं साल्मनाझार नांवाच्या गृहस्थानें या बेटाविषयीं पूर्वीं जें प्रसिद्ध केलें तें सर्व बनावट आहे.

उतारवयांत त्याला एक मित्र मिळाला, तो म्हणजे कोशकार डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन. कॉक लेनच्या भुताचा छडा लावणाऱ्या मंडळींत हाच जॉन्सन होता. लबाडीचा त्याला मनस्वी तिटकारा. वादांत तो कोणाची भीडमुर्वत ठेवीत नसे. पण शहरांतील एका साध्या मद्यगृहांत तो या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसे आणि गप्प ऐकत राही. साल्मनाझारला कधीं उलट बोललांत काय, असें विचारलें असतां, त्यापेक्षां मी एखाद्या बिशपला उलट बोललों असतों, असें त्यानें सांगितलें. फोर्मोसाचा विषय कधीं त्याच्यापुढें काढलात काय, असें कोणीं विचारलें, तेव्हां जॉन्सन म्हणाला कीं मला चीनचें नांव काढण्याचीसुद्धां भीति वाटे.

साल्मनाझार ३ मे १७६३ रोजीं लंडनमध्यें वारला. आपल्याला शवपेटीवांचून, अत्यंत कमी खर्चांत, सार्वजनिक दफनभूमींत कोठेंहि पुरावें, असें त्यानें १७५२ मध्येंच मृत्युपत्रांत लिहून ठेवलें होतें. पुढच्या वर्षीं आत्मचरित्र बाहेर आलें. त्यांत चोरलेल्या झग्यापासून वांकड्या धुराड्यांच्या दिवसांपर्यंत सर्व आहे. लेखकाचें नांव आणि जन्मगांव मात्र नाहीं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नांवाच्या जागीं चार फुल्या छापलेल्या आहेत, आणि त्यांच्याखालीं लिहिलें आहे कीं लोक याला जॉर्ज साल्मनाझार म्हणत.